आयटी सोडून कॉलेजात शिकवायला जायचंय? आधी एक सेमिस्टर शनिवारचं येऊन बघा

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. ऐरोलीच्या कंपनीत १२ वर्षं झाली, टीम लीड आहात, घर कळव्याला, शिक्षण बी.ई. कॉम्प्युटर फर्स्ट क्लास, आणि गेली दोन वर्षं डोक्यात आहे की इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायला जावं. घरचे म्हणतायत चांगली नोकरी सोडून मास्तरकी कशाला. एम.ई. नसताना घेतील का, पगार किती खाली येईल आणि १२ वर्षांचा अनुभव तिथे कामाला येतो की वाया जातो, हे तुम्ही विचारलंय.

आधी मी कोण ते सांगते, नाहीतर कोणीही उठून सल्ला देतं. मी ठाण्याची. १९९७ ते २०१० महापेला एका कंपनीत होते, बँकांच्या व्यवहारांचं सॉफ्टवेअर (ट्रान्सहार्बरची लोकल २००४ च्या शेवटी सुरू झाली, त्याआधी ठाण्याहून महापेला बसने कसं जायचो ते विचारू नका). नोकरी करता करता पार्ट टाइम एम.ई. केलं, शेवटची दीड-दोन वर्षं शनिवारी व्हिजिटिंग शिकवलं आणि २०१० पासून नवी मुंबईतल्या एका खाजगी कॉलेजात फुल टाइम आहे. म्हणजे दोन्हीकडच्या कॅन्टीनचा चहा साधारण सारखाच प्यायलाय.

नियमांचं पटकन उरकते, कारण त्यात वाद नाहीये. इंजिनिअरिंग डिग्री कॉलेजात असिस्टंट प्रोफेसर व्हायचं तर एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाचे नियम ठरवणारी केंद्रीय संस्था) नियमाप्रमाणे बी.ई. आणि एम.ई./एम.टेक. दोन्ही लागतात, त्यातलं कुठलंतरी एक फर्स्ट क्लास. नुसत्या बी.ई.वर रेग्युलर पोस्ट नाही मिळणार, अनुभव २० वर्षांचा असला तरी. पॉलिटेक्निकमध्ये मात्र लेक्चरर म्हणून फर्स्ट क्लास बी.ई. चालतं, तो रस्ता लोक उगाच विसरतात. बी.एस्सी. आयटी किंवा कॉम्प्युटर सायन्सवाल्या डिग्री कॉलेजात जायचं तर यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) नियम, म्हणजे मास्टर्सला ५५ टक्के आणि नेट किंवा सेट, या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा. मधे पीएच.डी. सक्तीची होणार म्हणून खूप घबराट होती पण जुलै २०२३ मध्ये यूजीसीने स्पष्ट केलं की असिस्टंट प्रोफेसरच्या थेट भरतीला नेट/सेट ही किमान पात्रता, पीएच.डी. ऐच्छिक. आणखी एक दार आहे, प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस, यूजीसीने २०२२ मध्ये आणलं. त्यात पीएच.डी. वगैरे लागत नाही, पण त्या क्षेत्रातला किमान १५ वर्षांचा अनुभव हवा, तोही शक्यतो वरच्या पदावरचा, आणि ही नेमणूक कायमची नसते, एरवी जास्तीत जास्त ३ वर्षं आणि अपवाद म्हणून आणखी १. तुमची १२ झालीत म्हणजे आज ते दार बंद. व्हिजिटिंगला मात्र कॉलेजं अनुभव बघून बी.ई.वाल्यालाही बोलावतात, विशेषतः प्रॅक्टिकल आणि प्रोजेक्टसाठी. ते कॉलेजवर आणि एचओडीवर (विभागप्रमुखावर) अवलंबून.

पगाराचं सरळ सांगते. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे असिस्टंट प्रोफेसरचं सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये, त्यावर महागाई भत्ता वगैरे. हे ऐकायला ठीक वाटतं पण हे सरकारी, अनुदानित आणि खरोखर स्केल देणाऱ्या कॉलेजांचं झालं. आपल्याकडची बहुतेक इंजिनिअरिंग कॉलेजं विनाअनुदानित, तिथे काही ठिकाणी स्केल, काही ठिकाणी कन्सॉलिडेटेड म्हणजे एक गोल आकडा, आणि तो आकडा तुमच्या आत्ताच्या पगाराच्या निम्म्याहूनही खाली असू शकतो. इंटरव्ह्यूला तीन गोष्टी विचाराच, पोस्ट ॲडहॉक (तात्पुरती) आहे की युनिव्हर्सिटीच्या सिलेक्शन कमिटीतून ॲप्रूव्ह होणार, पगार स्केलमध्ये की कन्सॉलिडेटेड, आणि तिसरं इंटरव्ह्यूच्या खोलीत नाही तर खाली कॅन्टीनला तिथल्याच एखाद्या सरांना, की पगार महिन्याच्या महिन्याला होतो का. मी एका ठिकाणी हा तिसरा प्रश्न विचारला तर सर नुसते हसले आणि मला चहा पाजला. मी तिथे गेले नाही. होम लोन किती वर्षांचं राहिलंय, घरात दुसरा पगार आहे का, मुलं कितवीत आहेत हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि सगळं गणित त्यावरच आहे, त्यामुळे इथे मी काही बोलणार नाही.

आता खरा प्रश्न, अनुभव कामाला येतो का. माझ्या मते तुम्ही प्रश्न जरा उलटा धरलाय. अनुभव कामाला येतोच, पण आपण जो घेऊन जाऊ असं वाटतं तो नाही, भलताच येतो. हे मला स्वतःला तोंडावर पडून कळलं.

पहिल्या सेमिस्टरला मी फुल जोशात. मुलांना जुनंपानं शिकवतात, आपण इंडस्ट्रीतलं ताजं देऊ म्हणून थर्ड इयरला स्ट्रट्स आणि हायबरनेट (कंपन्यांत तेव्हा चालणाऱ्या जावाच्या तयार चौकटी), दर शनिवारी स्लाइडच्या स्लाइड, मुलं खूष, एकाने तर मॅम आमच्या रेग्युलर सरांपेक्षा भारी असंही म्हटलं (हे ऐकून फुगले होते, नंतर स्वतः रेग्युलर झाल्यावर कळलं की रेग्युलर सरांना १६ तासांचा लोड असतो आणि माझा होता तीन तासांचा). टेस्ट घेतली तर साधा जॉइन (डेटाबेसची दोन टेबलं जोडणारी क्वेरी) कोणाला धड लिहिता येईना. बरं ते स्ट्रट्स १, ज्याच्यावर मी सगळा जीव काढला, त्याचा सपोर्ट २०१३ मध्ये अधिकृतपणे बंदच झाला. म्हणजे माझी ती पोरं जेमतेम नोकरीत रुजत होती आणि बाईंनी शिकवलेलं मोडीत निघालं.

त्याच सेमिस्टरची दुसरी गोष्ट. लॅबमध्ये टर्बो सी, म्हणजे सी भाषेतले प्रोग्राम चालवायचा जुना कंपायलर. तोच तो निळा स्क्रीन, मी कॉलेजात असतानाचा. मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला. दुसऱ्या रांगेतल्या मुलाने पगाराची बेरीज करायचा प्रोग्राम लिहिला होता, ३०,००० अधिक १०,०००, उत्तर आलं उणे २५,५३६. तो घाबरून चार वेळा प्रोग्राम टाइप करून बसला होता, मॅम मशीन खराब आहे. मी सांगणारच होते की हा कंपायलर म्हातारा झालाय, सोड, आणि तोंड उघडता उघडता थांबले, कारण याच्याहून चांगला धडा मला पैसे देऊन मिळाला नसता. टर्बो सी मध्ये इंट, म्हणजे पूर्णांक ठेवायची जागा, १६ बिटांची, ३२,७६७ च्या पुढे जागाच नाही, एक वाढवला की आकडा गोल फिरून उणे ३२,७६८ वर जातो, ४०,००० मधून ६५,५३६ वजा करून बघा, तेच उणे २५,५३६. फळ्यावर काढलं. मग सांगितलं की जून १९९६ मध्ये एरियान ५ रॉकेट उडाल्यावर ४० सेकंदांच्या आत फुटलं ते याच जातीच्या चुकीने, ६४ बिटांचा आकडा १६ बिटांत कोंबायला गेले, आणि तो कोड एरियान ४ वरून तसाच उचललेला, तिथे वर्षानुवर्षं नीट चालत होता. आणि मग आमच्या कंपनीतला किस्सा, एका रिपोर्टमध्ये बेरीज उणे आली म्हणून रात्री दीडला मला फोन आला होता तो. त्या दिवशी वर्ग सुटल्यावरही पोरं हलेनात.

तेव्हापासून मी इंडस्ट्रीतून टूल आणत नाही, मोडलेल्या गोष्टी आणते. काय फुटलं, का फुटलं, कोणाला कळायला किती वेळ लागला, शेवटी काय केलं. तुमच्याकडे १२ वर्षांचं प्रॉडक्शन सपोर्टचं गाठोडं आहे ना, ते खरं भांडवल आहे. क्लायंटचं नाव-गाव काढून टाकायचं, बाकी सगळं जसंच्या तसं सांगायचं.

आणि आता जी गोष्ट मी कोणालाही विचारलं तर सांगते ती. डेडलॉक, म्हणजे दोन प्रोग्राम एकमेकांनी अडवलेल्या (लॉक केलेल्या) गोष्टीची वाट बघत कायमचे अडकणं. ऑपरेटिंग सिस्टिमच्या पेपरला हमखास येतो, तो आधीच टाळायच्या बँकर्स अल्गोरिदमचं गणित सोडवायचं, १० मार्क खिशात. मुलं ते टेबल डोळे मिटून भरतात, पण डेडलॉक बघितलेला एकानेही नसतो. म्हणून मी प्रॅक्टिकलला शेजारशेजारचे दोन पीसी घेते, दोन्ही एकाच मायएसक्यूएल डेटाबेसला जोडलेले, एकच टेबल, त्यात खातं १ आणि खातं २. डावीकडच्या मुलीला सांगते ट्रान्झॅक्शन सुरू कर आणि खातं १ मधून ५०० काढ, कमिट (व्यवहार पक्का) करू नकोस. उजवीकडचा खातं २ मधून ३०० काढतो, तोही कमिट करत नाही. आता डावीकडची खातं २ मध्ये ५०० टाकायला जाते, एंटर दाबते, आणि काहीच होत नाही. कर्सर नुसता लुकलुकतोय. सगळी बॅच मागे येऊन उभी राहते. मग उजवीकडचा खातं १ मध्ये ३०० टाकायला जातो, त्याने एंटर दाबल्या दाबल्या दोघांपैकी एकाच्या स्क्रीनवर एरर १२१३, डेडलॉक फाउंड, आणि दुसऱ्याचा अडकलेला कर्सर पटकन सुटतो. दर वर्षी त्या क्षणाला कोणीतरी ओरडतंच, अरे गेम झाला.

पहिल्यांदा हे केलं तेव्हा मागून एका मुलीने विचारलं की मॅम मग इथे बँकर्स अल्गोरिदम का नाही वापरला, डेडलॉक होऊच दिला नसता. आणि मी गप्प. मी १३ वर्षं बँकांचं सॉफ्टवेअर केलं, एरर १२१३ सारखा एरर आला की तीनदा रिट्राय करायचं हे हाताला पाठ होतं, पण हा प्रश्न मला स्वतःला कधी पडलाच नव्हता. तिला म्हटलं पुढच्या शनिवारी सांगते. घरी येऊन रात्री जुनं पुस्तक काढून बसले. उत्तर तसं साधं आहे, बँकर्सला प्रत्येकाला जास्तीत जास्त किती काय लागणार हे आधी माहीत असावं लागतं, आणि डेटाबेसमध्ये पुढची क्वेरी कुठल्या ओळी मागणार हे आधी कोणालाच माहीत नसतं, म्हणून तिथे होऊ द्यायचं, पकडायचं आणि एकाला मागे फिरवायचं असा मार्ग. पण वाचता वाचता दुसरीच ट्यूब पेटली. आमच्या कंपनीत कोडिंग स्टँडर्डमध्ये एक नियम होता, दोन खाती लॉक करायची तर नेहमी लहान नंबरचं आधी. का, ते कोणाला माहीत नव्हतं, जुन्या लोकांनी लिहून ठेवलंय म्हणून करायचो, नवीन मुलाने विचारलं तर रिव्ह्यूत आम्ही त्याला गप्प बसवायचो. ते होतं सर्क्युलर वेट मोडणं, १९७१ च्या कॉफमन वगैरेंच्या पेपरात डेडलॉकच्या चार अटी दिल्यात त्यातली एक. सगळे एकाच क्रमाने लॉक घेणार म्हटल्यावर गोल फिरून एकमेकांत अडकणं शक्यच नाही. तेरा वर्षं पाळलेला नियम मला थर्ड इयरच्या पोरीमुळे कळला.

म्हणून म्हणते, अनुभव वाया जाईल का ही काळजी सोडा. शिकवायला लागलात की आपल्याला काय काय येत नाही ते कळायला लागतं आणि सुरुवातीला ते जरा लागतं मनाला, टीम लीडला तर जास्तच, कारण कंपनीत आपल्याला असे प्रश्न विचारायची कोणाची हिंमत नसते.

गिटचं (कोडमधला प्रत्येक बदल कधी, कोणी केला याची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) पण सांगते, कारण तुम्ही लिहिलंय की फायनल इयरचे प्रोजेक्ट विकत घेतात असं ऐकलंय. हो, घेतात काही जण. मी भांडत नाही, मी फक्त पहिल्या दिवसापासून गिटवर रिपॉझिटरी (प्रोजेक्टचं खातं) उघडायला लावते आणि दर पंधरा दिवसांनी कमिटची, म्हणजे नोंदवलेल्या बदलांची, हिस्टरी बघते, त्यावर टर्म वर्कचे मार्क. एका ग्रुपने सबमिशनच्या आदल्या रात्री दोन वाजता ४० फायली एका कमिटमध्ये टाकल्या, मेसेज काय तर फायनल. त्यांना काही बोलले नाही, व्हायव्हाला एक ओळ खोडली आणि विचारलं आता काय होईल. हल्ली एआयने लिहिलेल्या कोडलाही माझ्याकडे हेच औषध आहे, लिहिलं कोणीही असो, ओळ खोडल्यावर काय मोडेल हे ज्याला सांगता येतं त्याला मार्क.

आता कडू भाग. सिलॅबस तुमच्या हातात नसतो, ॲफिलिएटेड (युनिव्हर्सिटीला जोडलेल्या) कॉलेजात तर अजिबात नाही. मुंबई युनिव्हर्सिटीच्या सी स्कीमला, म्हणजे २०१९ च्या अभ्यासक्रमाला, ८० मार्कांचा थिअरी पेपर युनिव्हर्सिटीचा आणि २० इंटर्नलचे होते, मुलांचं लक्ष साहजिकच युनिव्हर्सिटीच्या पेपरवर, आणि तुम्ही मागच्या पेपरांतले प्रश्न सोडवून घेतले नाहीत तर ती तुम्हाला माफ करणार नाहीत, आणि त्यांचं काही चूक नाही. ऑटोनॉमस (स्वायत्त) कॉलेजात थोडी मोकळीक असते. माझी मोकळीक प्रॅक्टिकलमध्ये, तिथे एक्स्पेरिमेंटचं नाव तेच ठेवून आत काय करायचं ते माझं. शिवाय कागद. नॅक आणि एनबीए (कॉलेजचा दर्जा तपासणाऱ्या संस्था), कोर्स फाइल, लेसन प्लॅन, कोर्स आउटकमचं (विषयातून मुलांना काय यायला हवं त्याचं) प्रोग्रॅम आउटकमशी (अख्ख्या डिग्रीतून काय यायला हवं त्याच्याशी) मॅपिंग आणि त्याचं अटेनमेंट काढायच्या एक्सेल. तुम्हाला वाटत असेल कंपनीतल्या ऑडिटपेक्षा काय वाईट असणार, तर ऑडिटला निदान ऑडिटर परत जातो. पेपर तपासणी, ॲडमिशनची ड्युटी, पालकांचे फोन वेगळेच. मी फुल टाइम झाल्यावरची पहिली दोन वर्षं संध्याकाळी वाशीहून ठाण्याची लोकल पकडली की डुलकी लागायची आणि ठाण्याला गाडी रिकामी झाल्यावर कोणीतरी उठवायचं.

आणखी एक गोष्ट लोक बोलत नाहीत, हे गाठोडं शिळं होतं. मोडलेल्या गोष्टींचे किस्से टिकतात पण तेही दहा वर्षांनी मुलांना आजोबांच्या गोष्टी वाटायला लागतात. कंपनी सोडल्यानंतर तीन-चार वर्षांत मला जाणवलं की मी आमच्याकडे असं करतात म्हणतेय आणि ते आमच्याकडे आता उरलेलंच नाहीये. त्यावर मी दोन गोष्टी करते. उन्हाळ्याच्या सुट्टीत जुन्या सहकाऱ्यांच्या ओळखीने चार-सहा आठवडे कुठेतरी जाऊन बसते, बहुतेक वेळा फुकट, नुसतं त्यांचे इन्सिडेंट कॉल (काही बिघडल्यावरचे फोन) ऐकायला. आणि माझे पास झालेले विद्यार्थी, जे आता माइंडस्पेस आयटी पार्कमध्ये नाहीतर घोडबंदरला कुठे कुठे आहेत, त्यांना दर सेमिस्टरला एक तास बोलवते, अट एकच, कंपनीचं प्रेझेंटेशन आणायचं नाही, या वर्षी तुमच्याकडून काय बिघडलं ते सांगायचं. पहिली दहा मिनिटं लाजतात, मग थांबत नाहीत.

आता तुमच्यासाठी मी काय करेन ते. राजीनामा आत्ता नाही. आधी कंपनीच्या अपॉइंटमेंट लेटरमध्ये दुसरीकडे काम करण्याबद्दल काय लिहिलंय ते वाचा आणि एचआरकडून लेखी परवानगी घ्या, तोंडी नको, मूनलाइटिंगच्या (नोकरी करता करता गुपचूप दुसरं काम करण्याच्या) भानगडींनंतर सगळे जास्तच काटेकोर झालेत. ऑड सेमिस्टर साधारण जुलैत आणि इव्हन जानेवारीत सुरू होतं, लोड वाटप त्याच्या महिना-दीड महिना आधी, तेव्हा मे-जूनमध्ये किंवा नोव्हेंबरच्या शेवटी जवळच्या दोन-तीन कॉलेजांच्या एचओडींना जाऊन भेटा. कळव्याहून तुम्हाला ऐरोली, कोपरखैरणे, नेरूळ, इकडे घोडबंदर, सगळं हाकेच्या अंतरावर (घोडबंदरचं ट्रॅफिक सोडून). ईमेल नको, कोणी वाचत नाही, सकाळी साडेदहाला जा. आणि मशीन लर्निंग, क्लाउड असले चकचकीत विषय मागू नका, ते मागणारे पन्नास असतात. डीबीएमएस (डेटाबेस) किंवा ऑपरेटिंग सिस्टिमची लॅब मागा, एचओडी खुर्ची पुढे सरकवेल. तासाच्या मानधनात रिक्षा, चहा आणि वडापाव निघतो, त्याहून जास्त अपेक्षा ठेवू नका. एक अख्खं सेमिस्टर करा, मधे सोडू नका, सबमिशन, व्हायवा आणि पेपर तपासणी बघितल्याशिवाय कॉलेज बघितलं असं होत नाही. त्यानंतरही शनिवारची वाट बघत असलात तर एम.ई.ला ॲडमिशन घ्या, मधल्या काळात लोन थोडं खाली आणा, आणि मग राजीनाम्याचं बोलू. तोपर्यंत १५ वर्षं भरत आली तर प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिसचंही बघता येईल.

आणि पहिल्या शनिवारच्या आदल्या दिवशी अर्धा तास काढून लॅबमध्ये जाऊन या, कुठले पीसी चालू होतात ते लॅब असिस्टंटला विचारा, त्यांच्याशी नीट ओळख करून घ्या, अख्ख्या कॉलेजात तुमच्या सगळ्यात उपयोगाचा माणूस तोच असणार. मार्कर स्वतःचे न्या, कॉलेजातले कधीच उमटत नाहीत.